मथुरावैनीची रानमोहरी

आंब्याचं सासव आता हॉटेलातही मिळतं. खोबरं, गूळ आणि वर फोडणीत जळलेले दोन-चार मोहरीचे दाणे. एक घास खाऊन मी वाटी बाजूला सारते. नात म्हणते, आजी, तुला बाहेरचं काही म्हणून आवडत नाही. आवडेल कसं? आमच्या मथुरावैनीच्या हातचं सासव मी खाल्लेलं आहे. कच्ची मोहरी ओल्या खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटायची, विस्तवाजवळ न्यायचीसुद्धा नाही, आणि त्यात पिकलेले रायवळ आंबे सोलून सोडायचे. पहिला घास गोड लागतो. दुसऱ्या घासाला नाकातून थेट टाळूपर्यंत असा झणका जातो की खाणारा क्षणभर आपलं नाव विसरतो. त्या झणक्यापायी आमच्या घरात दोन वर्षं जे झालं ते मला अजून काल झाल्यासारखं आठवतं.

मी सावंतवाडीची. सत्तावन्न साली लग्न होऊन मालवणजवळच्या खाडीकाठच्या त्या वाडीत आले. घरात माझे यजमान गुरुदास, त्यांचे थोरले भाऊ दत्ताराम, ज्यांना मी दादा म्हणत असे, आणि दादांची बायको मथुरावैनी. दादा मुंबईला गिरणीत होते, वैशाखात महिनाभर घरी यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. वैनीही तशा नव्याच. त्या खारेपाटणच्या, दादांना दुसरेपणावर दिलेल्या. पहिली यशोदा तापाने गेली होती. ती गेली तरी वाडीतल्या बायकांच्या तोंडून काही गेली नव्हती. वैनींनी काही केलं की कुणीतरी म्हणायचंच, यशोदा असं करायची, यशोदा तसं करायची. वैनी ऐकून घ्यायच्या आणि हातातलं काम पुढे न्यायच्या.

आमच्या गावदेवीची समाराधना एका वर्षाआड वैशाखात असते. तिथे सासवाचा मान आमच्या भावकीचा, म्हणजे थोरल्या घराचा, म्हणजे आमचा. आमच्याकडे मोहरीला सासवां म्हणतात. देवीच्या सासवाला बाजारची मोहरी चालत नाही. हाताने पेरलेलीही चालत नाही. भावकीच्या जमिनीत आपसूक उगवलेली रानमोहरी लागते, आणि ती थोरल्या सुनेने वाटायची असते. देवीला दाखवण्याआधी कुणी चव घ्यायची नाही, वाटणारणीने तर बोटसुद्धा चाटायचं नाही. ही रानमोहरी पूर्वी खाडीकाठच्या आमच्या मळीत हिवाळ्यात आपोआप यायची. पण मी यायच्या आदल्या वर्षी उधाणात बांध फुटला, मळीत खारं पाणी शिरलं आणि नंतर तिथे खारं गवत सोडून काही उगवलं नाही. घरात एक बरणी होती, तिच्या बुडाशी चिमूटभर जुनं बी उरलं होतं. तेवढ्याने पाच पानंसुद्धा झाली नसती.

अठ्ठावन्नच्या समाराधनेआधी वैनींनी वाडीत घरोघर विचारलं, झाड कसं असतं म्हणून. सगळ्यांनी एकच सांगितलं: कमरेएवढं, पिवळ्या फुलाचं, चार पाकळ्यांचं, बारीक लांब शेंगांचं. पावसानंतर आमच्या भावकीच्या सड्यावर, वरच्या कातळमाळावर, अशा झाडांचं नुसतं रान माजतं. वैनींनी तिथून सूपभर शेंगा आणल्या, मळल्या, पाखडल्या. काळपट बारीक बी, वरवर पाहता बरणीतल्या बियासारखंच. एवढी मोहरी मिळाली म्हणून आम्ही दोघी खूश होतो.

देवळात पंगत बसली. पहिला द्रोण तात्या गावकरांपुढे. तात्या म्हणजे गावच्या मानाचे माणूस, त्यांनी तोंडात घातल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावायचा नाही. तात्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि वाट बघत बसले. सगळी पंगत त्यांच्या नाकाकडे बघत होती.

"दत्तारामा," तात्या म्हणाले, "गोड आसा रे. पण झणको खंय गेलो?"

मग बाकीच्यांनी खाल्लं. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी द्रोण हळूच पानाबाहेर सरकवला. मागून कडवट चव येत होती. बायकांच्या बाजूला काशीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा आवाज कुजबुजीतही देवळाच्या कळसापर्यंत जायचा. ती म्हणाली, "यशोदाचो हात तो यशोदाचो. देवी काय सगळ्यांचो हात मानीत नाय."

झालं. ते वाक्य एकदा पडलं आणि पंगतभर फिरलं. आमच्या चुलत घरचा हरिश्चंद्र अशी वेळ बरी सोडेल! आमच्या घरामागे दगडांचा गडगा, गडग्यापलीकडे त्याचं घर, आणि मान आपल्या घरी यावा ही त्याची जुनी खाज. तो उठून उभा राहिला. "तात्यानू, फुडच्या समाराधनेक असाच झाला तर मान आमच्या घराक येवंक होयो. देवीचा काम आसा, खेळ नाय."

"फुडच्या वेळेक बघया," तात्या म्हणाले.

दादा तेवढे मान खाली घालून जेवत होते. त्यांनी आपला द्रोण संपवला, शेजारच्याने सरकवलेला ओढून तोही संपवला आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "माका आणि वाढ." वैनी खांबाआड उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आम्ही देवळातलं तपेलं घासत होतो. निम्मं सासव तसंच परत आलं होतं, ते गुरांनीही हुंगून सोडलं. वैनी एकदम थांबल्या, राखेने भरलेला हात त्यांनी माझ्यासमोर धरला.

"सुनीती, माज्या हाताक काय झाला गो? ह्याच हातान म्हायराक लोणची घातलंय. कधी बुरशी धरूक नाय."

"वैनी, हात जावंदे. बी चाखून बघलंस?"

"चाखतलंय कशी? देवीच्या आधी?"

"आता देवीचा झाला मा?"

वैनींनी हात धुतले. आत जाऊन बरणीच्या बुडातले चार दाणे आणले आणि सड्यावरच्या बियातले चार. आधी सड्यावरचे चावले. नुसते कडू. मग बरणीतले चावले. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं. जुनं, वर्षानुवर्षांचं बी, तरी जिभेला चटका बसला.

"बी वेगळा आसा गो," वैनी म्हणाल्या. "झाडच वेगळा."

आम्हाला कळलं, पण सांगायचं कुणाला? दोन सुनांनी विहिरीवर बसून लावलेला शोध पंगतीला कोण ऐकवणार! त्यापेक्षा खरी मोहरी वाटून तात्यांच्या नाकात घालणं सोपं होतं. वैनींनी बरणीतलं उरलेलं बी चिंधीत बांधून पदराच्या टोकाला गाठ मारली. पुढे सारा पावसाळा आणि सुगी ती गाठ त्यांच्या कमरेला होती. लावणीच्या चिखलात वाकून कंबर मोडायची, तरी बांधावर पिवळं फूल दिसलं की त्या ताठ व्हायच्या. कापणीत विळा टाकून धावायच्या. मी हसायचे. त्याही हसायच्या, पण धावणं सोडलं नाही.

पौषात खारेपाटणला त्यांच्या भावाचं लग्न निघालं. मलाही त्यांनी नेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर धुणं घेऊन गेलो. पावसाचं पाणी उतरल्यावर काठच्या गाळात तिथे वांगी, मुळे, मिरच्या करतात. एक बाई मुळ्याची वाफी बेणत होती आणि उपटलेलं तण बांधावर फेकत होती. त्या ढिगात पिवळी फुलं होती. वैनींनी धुणं माझ्या अंगावर टाकलं.

आम्ही दोघी तो ढीग घेऊन बांधावरच बसलो. सड्यावरचं झाड हाताला चिकट लागायचं, त्याला उग्र वास होता, पान हाताच्या बोटांसारखं फुटलेलं आणि शेंगा काड्यांसारख्या उभ्या. हे वेगळं होतं. देठ गुळगुळीत, वर पांढुरकी झाक. खालची पानं मुळ्याच्या पानासारखी फाटलेली, वरची पानं देठाविना खोडालाच बिलगलेली. चार पाकळ्या आमनेसामने, फुलीसारख्या. एक वाळकी शेंग वैनींनी नखाने उकलली तर तिची दोन फाकं झाली, मध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना ओळीने दाणे. पदराची गाठ सोडून त्यांनी जुने दाणे शेजारी ठेवले. गोल ते गोल, तांबूस ते तांबूस. तरी त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी एक हिरवी शेंग अख्खी तोंडात घातली, कचकन चावली आणि दोन्ही हातांनी नाक धरलं.

"गो, ह्याच!" त्या ओरडल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून धारा, नाक लाल, आणि हसतायत. मुळेवाली बाई विळा घेऊन बघत राहिली. वैनींना इतकं मोकळं हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवसाची याद आली की आजही माझं मन भरून येतं.

त्यांनी मुळासकट, मातीसकट रोपं काढली आणि हाऱ्यात भरली. निघताना त्यांच्या वहिनीने चिमटा काढलाच. "अगो वन्स, म्हायराकडसून लोका साडी-चोळी न्हेतत. तू तण न्हेतस?"

एस.टी.त कंडक्टर अडून बसला. "बाई, हा चिखल आत चालायचा नाही. टपावर टाका."

"टपावर ऊन लागेल, दादा," वैनी शक्य तेवढ्या पुस्तकी भाषेत म्हणाल्या. हारा मांडीवर घेऊन बसल्या. चिखलाचं पाणी लुगड्यातून पायांवर ओघळत होतं. नांदगावला गाडी थांबली तेव्हा एका गृहस्थाने वाकून पाहिलं. "कलमां काय गो बाय?"

"नाय. तण."

गाडीभर हशा पिकला. वैनींनी पदर ओढून रोपांवर सावली धरली.

परसात विहिरीच्या कडेला त्यांनी वाफी केली. पहिल्या आठवड्यात रोपांनी माना टाकल्या. माडाच्या झापांची सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. यजमान म्हणाले, "तणाक पाणी घालताना मी कोणाक पयल्यांदाच बघतंय, वैनी." पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी सुक्या मासळीची कुटी आणून खत म्हणून घातली. कौतुकाचं खत, ते जरा जास्तच झालं. दोन रोपं करपून गेली, दोन-तीन तगली. ती मात्र मूळ धरून उभी राहिली, फुलली, शेंगांनी लवली.

विहिरीला लाट होती, पाणी उपसायचा लांब आडवा वासा. वैनी लाटेने पाणी काढून पाटात सोडायच्या, ते वाफीतून फिरून गडग्याखालच्या भोकाने हरिश्चंद्राच्या मिरच्यांत जायचं. त्या पाण्यावरून दोन घरांत बोलाचाली होती. पाणी ओढायचे आमचे हात आणि मिरच्या त्यांच्या, असं यजमान म्हणायचे. वैनींना तेव्हा भांडायला वेळ नव्हता. फाल्गुनात शेंगा वाळल्या आणि तडकू लागल्या. मी म्हटलं, थोडं बी काढून ठेवू, काय सांगावं.

"नको गो," वैनी म्हणाल्या. "हातान पेरलेला देवीक चलना नाय. आपणच पडांदे, आपणच रुजांदे. देवीक फसवूचा नाय."

त्यांनी एक दाणा उचलला नाही. सगळं बी मातीत सांडलं. वाळलेल्या काड्या काढल्या, भोवती काट्यांची वई केली आणि ती उघडी, रिकामी दिसणारी वाफी पुढच्या हिवाळ्याच्या भरवशावर सोडून दिली.

वैशाखात दादा आले. ट्रंक, खजूर, वैनींना हिरवं पातळ. बोलणं कमी. पण समाराधनेतली ती गोष्ट त्यांच्या मनातून गेलेली नव्हती, कारण आल्या दिवशी परसात फिरून त्यांनी विचारलं, ही काट्यांतली वाफी कसली? वैनी म्हणाल्या, सासवांची. दादांनी मान हलवली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मोठी ओहोटी होती. आम्ही दोघी खाडीत तिसऱ्या काढायला गेलो. गुडघाभर चिखलात वाकून पायाने शिंपले चाचपायचे, हाताने उपसायचे. उन्हाने पाठ भाजत होती. वाडीवर ठिकठिकाणी धूर होता. त्या दिवसांत जो तो भातरोपाच्या जमिनीवर पाला-शेण पसरून पेटवत असतो, भाजावळ म्हणतात आमच्याकडे. भाजलेल्या मातीत पेरलं की तण होत नाही आणि रोप जोमाने येतं. लहानपणापासून सगळ्यांनी तेच पाहिलेलं.

वैनी ताठ झाल्या. "सुनीती, तो धूर खंयचो?"

"कोणाच्यातरी भाजावळीचो."

"माडांच्या अलीकडे आसा. आमच्यात."

टोपली तिथेच टाकून त्या निघाल्या. चिखलात पाय रुतत होते, ओलं लुगडं पायांत येत होतं. मी मागून. परसात पोचलो तेव्हा ज्वाळा बसल्या होत्या आणि जाड राखेखाली निखारे धुमसत होते. दादा उघड्या अंगाने घामाघूम, हातात दाताळं. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"बघ," ते वैनींना म्हणाले, "तुजी वाफी भाजून ठेवलंय. पातेरो, शेण, कवळ, सगळा घातलंय. आता एक तण म्हणान येवचा नाय."

वैनी राखेकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या किंचाळतील. मी असते तर किंचाळले असते.

"बरा केलात," त्या म्हणाल्या. "हात धुवा. जेवक वाढतंय."

त्या आत गेल्या. मला राहवलं नाही. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नव्हती, पण मी म्हटलं, "दादानू, थंय वैनीचा बी होता."

"खंय?"

"मातयेत. सांडलेला. वर्सभराचा देवीचा काम होता ता."

दादांनी दाताळं टाकलं आणि वाकून त्या गरम राखेत हात घातला. बोटं भाजली तरी माती उकरत राहिले. हाताला लागली ती काळी माती आणि कोळसा. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी ओटीवर त्यांनी वैनींना विचारलं, "माका कित्या सांगूक नाय?"

"काय सांगतलंय?" वैनी म्हणाल्या. "तुमी माज्यासाठीच केलात."

मुंबईला जाताना दादा वळून वळून परसाकडे बघत होते. असा नवरा रागवायलाही कठीण.

पाऊस आला, गेला. वैनी त्या भाजलेल्या वाफीला पाणी घालत राहिल्या. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. वाफी स्वच्छ, दादांनी म्हटल्याप्रमाणे एक तण नाही. खारेपाटणहून पुन्हा रोपं आणावी तर समाराधनेआधी त्यांचं बी सांडून आपसूक रुजायला वेळच उरला नव्हता. वैनी बोलायच्या कमी झाल्या. एकदा भात वैरताना म्हणाल्या, "काशीबाय म्हणता ता खरा आसात, गो. माजो हातच तसो." मला रडू आलं आणि रागही आला.

पौषात एका सकाळी मी गडग्यावर कपडे वाळत घालत होते. पलीकडे हरिश्चंद्राच्या मिरच्यांत पिवळी फुलं डोलत होती. गडग्याच्या भोकापासून पाट जसा गेला होता तशी ओळच होती. आमच्या शेंगा तडकल्या तेव्हा पाणी थोडं बी घेऊन गेलं होतं. मी वैनींना बोलावलं. त्या गडग्याला हनुवटी टेकून किती वेळ बघत राहिल्या.

"वैनी, ता आपल्याच झाडांचा बी. माग तू."

"काय सांगान मागू?" वैनी म्हणाल्या. "पाणी तेंच्यात जाता म्हणान आमीच कटकट केली. आता पाण्यावांगडा गेला ता कसा मागू?"

हरिश्चंद्राला कळायला उशीर लागला नाही. जुनी झाडं त्यानेही लहानपणी पाहिलेली. तो खळ्यात उभा राहून वाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या जमनीत आपसूक इली सासवां! देवीन मानकरी निवडलो!" तेही रीतीला धरूनच होतं. जमीन भावकीची, बी आपणहून रुजलेलं.

त्याची बायको नर्मदा रोज त्या झाडांना पाणी घालायची. आमच्याकडे बघायची नाही. वैनीही बघायच्या नाहीत, पण लाट ओढताना पाटातलं पाणी जरा जास्तच सोडायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "झाडां तहानेली कशाक मारूची?"

फाल्गुन सरला. एका दुपारी आम्ही पडवीत भात पाखडत होतो. हरिश्चंद्र आपल्या खळ्यात बसून सुपाऱ्या कातरत होता. नर्मदा सूप घेऊन घरातून बाहेर आली आणि थेट गडग्याकडे निघाली.

"खंय व्हरतस ता?" हरिश्चंद्राने विचारलं.

"मथुराक दितंय."

"खुळी काय गो तू? मान घराक येताहा!"

नर्मदा थांबली, सूप कमरेवर घेतलं. "मान तुमका. वाटूचा कोणाक? माका. उद्या झणको इलो नाय तर तुमची मान कोण धरूचो नाय, माजो हात धरतले. यशोदाचो हात, मथुराचो हात, मगे नर्मदाचो हात. माजो हात माका भाकरेक रवांदे."

हरिश्चंद्राचा आडकित्ता वरच्या वर राहिला. नर्मदा गडग्याची खिंड ओलांडून आमच्या पडवीत आली. सुपात तांबूस बारीक बी होतं, निवडलेलं, खडा नसलेलं.

"घे गो मथुरा. हातान तोडूक नाय मी. शेंगो तडाकताना खाली सूप धरलंय. पाणी तुमचा, माती आमची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिवशी देवळात तू खांबाआड उबी होतस. मी बघलंय तुका."

वैनींनी सूप घेतलं. मी आत जाऊन गुळाचा खडा आणि पाणी आणलं. नर्मदा तिथेच टेकली आणि आमच्याबरोबर भात पाखडू लागली.

साठच्या वैशाखात समाराधना आली. पहाटे आंघोळ करून ओल्या लुगड्याने वैनी पाट्याशी बसल्या. मी खोबरं किसत होते. वरवंटा फिरायला लागला आणि दोन हात लांब असूनही माझ्या नाकाला झोंबलं. मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं.

"वासार जाव नको," वैनी म्हणाल्या. "तात्यांच्या तोंडात पडांदे आधी." वाटण चंदनासारखं मऊ होईपर्यंत त्यांनी वरवंटा सोडला नाही.

देवळात पंगत बसली. दादा होते, हरिश्चंद्र होता, गेल्या खेपेपेक्षा माणसं जास्तच होती. गंमत बघायला कोण येत नाही! वैनी आज खांबाआड गेल्या नाहीत. तपेलं घेऊन स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. तात्यांनी देवीकडे हात जोडले आणि घास घेतला.

पहिल्या घासाला काही नाही. काशीबाई पुढे वाकून बघत होती. तात्यांनी दुसरा घास घेतला, आणि त्यांचा हात पानावरून उठून नाकाकडे गेला. डोळे मिटले. टोपी मागे सरली. ते खोकले, शिंकले, उपरण्याने तोंड पुसलं आणि पाणी आलेल्या डोळ्यांनी हसायला लागले. मग पंगतीने हात घातला. इकडे नाक ओढल्याचा आवाज, तिकडे शिंक, मध्येच कुणीतरी "आई गे" म्हणतंय. हरिश्चंद्राने दोन घासांत डोळे पुसले आणि तिसरा घेतला. दादा न जेवता नुसते वैनींकडे बघत बसले होते.

"बघलास?" काशीबाई कळसापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली. "आता बसलो गो हात तुजो!"

तात्यांनी मान डोलावली. "मथुरा, देवीन तुजो हात मानलो."

सगळ्यांना वाटलं, आता ही तपेलं खाली ठेवून देवीला आणि तात्यांना नमस्कार करील. मलाही तसंच वाटलं. वडीलधाऱ्यांसमोर, देवळात, त्या कधी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. वैनींनी तपेलं कमरेवर सावरलं, पदर सारखा केला आणि तात्यांकडे सरळ बघितलं.

"तात्यानू," त्या म्हणाल्या, "हात गेल्या खेपेक होतो तोच आसा. सासवां वेगळी होती."

तात्यांनी पुन्हा एकदा नाक पुसलं आणि द्रोण पुढे केला.

"खरा आसा गो," ते म्हणाले. "वाढ."